१८६ विरुद्ध १ : एका मताची गोष्ट



निवडणूक आली की आपल्या कोपरमध्ये काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दाराच्या फटीतून पत्रकं आत येतात, स्टेशनच्या जिन्यापाशी कुणीतरी हात जोडून उभं असतं, आणि आपण पोळ्या लाटत असतानाच रिक्षावरचा भोंगा सुरू होतो. प्रत्येक पत्रकावर एक ओळ असतेच, 'महिलांच्या हक्कांसाठी सदैव कटिबद्ध'. आमच्या शनिवारच्या गटात एकदा आम्ही अशी पाच पत्रकं शेजारी शेजारी मांडून पाहिली. पक्ष पाच होते, ओळ एकच होती. तेव्हा एकीनं विचारलं, "सगळेच कटिबद्ध आहेत, तर सभागृहात कुणी कशाच्या बाजूनं मत दिलं आणि कशाच्या विरोधात, ते कुठं बघायला मिळतं का?"

त्या प्रश्नापायी आम्ही जुन्या गोष्टी वाचायला घेतल्या, आणि वाचता वाचता एका मतापाशी येऊन अडलो. आज त्याच मताची गोष्ट सांगतो.

तारीख होती ९ मार्च २०१०. राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झालं. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवायच्या, असं ते विधेयक. बाजूनं मतं पडली १८६ आणि विरोधात १. ते एक मत देणारे खासदार आपल्या महाराष्ट्रातले होते, शेतकरी संघटनेचे शरद जोशी.

हे नाव वाचलं तेव्हा आमच्यातल्या एक ताई गप्प झाल्या. त्यांचं माहेर चांदवड तालुक्यातलं. लग्न होऊन त्या डोंबिवलीला आल्या, मग कोपरला घर घेतलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या नावावर एक एकर रान आहे. ते शरद जोशींच्या सांगण्यावरून माझ्या वडिलांनी तिच्या नावावर केलं. दोन हजार दहा साली टीव्हीवर ही बातमी आली तेव्हा मी टीव्ही बंद केला. आईला फोन करून विचारायचाही धीर झाला नाही."

बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव फिरलेला माणूस बायकांच्या आरक्षणाला नाही कसा म्हणतो? हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

शरद जोशींचा जन्म १९३५ सालचा, साताऱ्याचा. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथं जागतिक टपाल संघटनेत त्यांची मोठी नोकरी होती. ती सोडून ते १९७६ मध्ये परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. शेतमालाला घामाचे दाम मिळत नाहीत, हे त्यांनी आधी स्वतःच्या वहीत मांडून पाहिलं. मग चाकणचं कांदा आंदोलन झालं, नाशिकचं ऊस-कांद्याचं आंदोलन झालं, आणि शेतकरी संघटना महाराष्ट्रभर पोचली.

त्या आंदोलनांत बायका होत्याच. रस्त्यावर बसल्या, तुरुंगातही गेल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, आणि लाखावर बायका जमल्या. आमच्या ताईंची आई त्यात होती. शेजारणीबरोबर बैलगाडीतून गेली होती आणि भाकरी बांधून नेल्या होत्या, एवढं ताईंना आठवतं. त्या वेळी मांडलेल्या विचारांची 'चांदवडची शिदोरी' नावाची पुस्तिका पुढे बायकांच्या हातोहात फिरली.

चांदवडला एक ठराव असा झाला की जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत संघटना फक्त बायकांनाच उभं करणार. तिसरा हिस्सा किंवा निम्मा हिस्सा नव्हे, सगळ्या जागांवर बायका. हे १९८६ सालचं बोलणं आहे. तेव्हा राखीव जागांचा कायदा दूरच होता. निवडणुका सरकारनं पुढे ढकलल्या, त्यामुळे तो बेत तसा पार पडला नाही. पण १९८९ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुकांत काही गावांत सगळ्या बायकांचीच पॅनेलं उभी राहिली आणि निवडूनही आली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यातलंच एक.

त्यानंतर आली लक्ष्मीमुक्ती. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला काही भाग आपणहून बायकोच्या नावावर करून द्यायचा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचं, आणि तिथं शरद जोशी स्वतः येणार. पुढे १९९२ साली सरकारनंही याच नावानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, ते त्यामुळे. ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या चाळींत आणि इमारतींत अशा पुष्कळजणी आहेत.

आता पुन्हा राज्यसभेत येऊ. जोशी २००४ मध्ये राज्यसभेवर गेले. त्यांचा पक्ष स्वतंत्र भारत पक्ष, आणि त्या पक्षाचे संसदेत ते एकटेच.

महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आलं ते सप्टेंबर १९९६ मध्ये. त्यानंतर ते कितीदा आलं, कितीदा फाडलं गेलं, कितीदा लोकसभेबरोबरच संपलं. ८ मार्च २०१० ला, जागतिक महिला दिनाला, ते राज्यसभेत मतदानाला यायचं होतं. त्या दिवशी काही सदस्य सभापतींच्या आसनापर्यंत धावले, विधेयकाच्या प्रती फाडल्या, सभापती हमीद अन्सारी यांच्या समोरचा माइक ओढला. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले आणि मार्शलांनी त्यांना बाहेर नेलं. बहुजन समाज पक्षानं सभात्याग केला. तृणमूल काँग्रेसनं मतदानात भाग घेतला नाही. आणि मग मोजणी झाली, १८६ आणि १.

हा हिशेब आम्ही दोनदा वाचला. या विधेयकाला विरोध करणारे एकटे जोशी नव्हते, पुष्कळजण होते. पण ज्यांनी कागद फाडले त्यांचं 'नाही' मतांच्या यादीत नाही. जे उठून गेले त्यांचंही नाही. जागेवर बसून, आपल्या नावानं, बटण दाबून 'नाही' म्हणणारा एकच माणूस निघाला. आपण टीव्हीवर पाहिला तो गोंधळ, आणि नोंदवहीत राहिलं ते एक नाव. म्हणून आमच्या ताईंच्या मनात राग राहिला तो जोशींचा. कागद फाडणाऱ्यांची नावं मात्र आमच्यापैकी एकीलाही आठवत नव्हती.

त्यांचं म्हणणं काय होतं? बायकांनी राजकारणात येऊ नये, असं ते म्हणत नव्हते. त्यांचा मुख्य आक्षेप होता फिरत्या राखीव जागांना. त्या विधेयकात राखीव मतदारसंघ कायमचे ठरलेले नव्हते. दर निवडणुकीला ते बदलणार होते, म्हणजे तीन निवडणुकांत प्रत्येक मतदारसंघाची एकदा पाळी यायची. जोशी विचारत होते, राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला जर ठाऊक असेल की पुढच्या वेळी ही जागा राखीव नाही, आणि शेजारच्या पुरुषाला ठाऊक असेल की पुढच्या वेळी आपली जागा जाणार, तर मतदारसंघ जीव लावून सांभाळायचा कुणी?

मैत्रिणींनो, हे कळायला आपल्याला दिल्लीला जायची गरज नाही. महापालिकेची आरक्षण सोडत आपण पाहिलेली आहे. त्या दिवशी सगळ्या गल्लीत एकच विषय असतो, 'आपला वॉर्ड लेडीज पडला का?' आमच्या ओळखीची एक बाई राखीव वॉर्डातून निवडून आली. पहिल्या वर्षी तिला सभेत बोलता येईना. पण तिसऱ्या वर्षापर्यंत पाण्याची लाइन कुठून येते, कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइल अडते, गटाराचं टेंडर कसं निघतं, सगळं तिला पाठ झालं. पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला झाला. तिकीट तिला मिळालं नाही, आणि पाच वर्षांचं शिकलेलं घरात येऊन बसलं. याच्या उलटही आपण पाहतो. वॉर्ड लेडीज पडतो, आणि ज्यानं पाच वर्षं तयारी केली तो बायकोला उभं करतो. बॅनरवर तिचा फोटो छोटा, त्याचा मोठा, आणि निवडून आल्यावर फोनही तोच उचलतो.

म्हणजे जोशींनी दाखवलेलं दुखणं खरं होतं. हे आम्ही गटात बोललो तेव्हा पाच-सहा जणींनी आपापल्या वॉर्डाची उदाहरणं दिली.

आणखी एक गोष्ट वाचनात आली, ती आम्हाला आधी माहीत नव्हती. राखीव जागा नकोत, असं म्हणणाऱ्या बायकाही आपल्या इतिहासात होत्या, आणि त्या काही साध्यासुध्या बायका नव्हत्या. १९३१ मध्ये देशातल्या मोठ्या महिला संघटनांनी इंग्रज सरकारला कळवलं होतं की आम्हाला मताचा हक्क पुरुषांच्या बरोबरीनं द्या, वेगळ्या जागा नकोत. संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये हंसा मेहता यांनी सांगितलं की आम्ही राखीव जागा मागितलेल्या नाहीत. आम्ही न्याय मागितला आहे, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. १९७४ मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवर एका सरकारी समितीचा मोठा अहवाल आला. त्या समितीतल्या बहुतेकांनी लोकसभा-विधानसभेत आरक्षण नको असं लिहिलं. पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार या दोघींनी आपलं वेगळं मत नोंदवलं. पंचवीस-तीस वर्षं वाट पाहिली, नुसत्या समान हक्कानं बायका सभागृहात पोचल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेही अल्पमतच होतं, आणि पुढे देश त्यांच्या बाजूनं आला.

म्हणून 'विरोधात मत दिलं, म्हणजे बायकांचा शत्रू' हा हिशेब आम्ही सोडून दिला. मात्र जोशींचं मत आम्हाला पटलं, असंही नाही. आमच्या गटात यावर दोन शनिवार वाद झाला, आणि बहुतेकजणी ज्या निष्कर्षावर आल्या तो असा.

सोडतीतून घरी बसलेल्या त्या बाईची गोष्ट आपण सांगितली. पण वॉर्ड राखीव नसता, तर ती पहिल्यांदा महापालिकेत गेलीच नसती. महाराष्ट्रात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा बायकांना मिळाल्या. १९९३ पासून संविधानातल्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. आज महापालिकेच्या सभागृहात निम्म्या बायका बसतात, त्या या कायद्यांमुळे. उलट लोकसभेत असं आरक्षण लागू नव्हतं, तिथं २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. सातातली एकही पुरती नाही. चांदवडला जोशी म्हणाले होते की सगळ्या जागांवर बायका उभ्या करू. पक्षांनी ते मनावर घेतलं असतं, तर कायद्याची गरजच पडली नसती. पण पक्षांनी घेतलं नाही, आणि नुसत्या मनावर सोडून चालत नाही हे चाळीस वर्षांत दिसलं. फिरत्या जागांचं दुखणं खरं असलं तरी, त्यासाठी दुरुस्ती मागायची होती, आख्खं विधेयक नाकारायचं नव्हतं, असं आम्हाला वाटतं. दोघीजणींना अजूनही जोशींचंच बरोबर वाटतं, तेही इथं सांगून ठेवतो.

राज्यसभेत मंजूर झालेलं ते विधेयक लोकसभेत आलंच नाही आणि २०१४ मध्ये संपलं. शेवटी कायदा झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. लोकसभेत बाजूनं ४५४ आणि विरोधात २ मतं पडली. राज्यसभेत २१४ आणि विरोधात एकही नाही. लोकसभेतली ती दोन मतं असदुद्दीन ओवेसी आणि आपल्याकडच्या औरंगाबाद मतदारसंघाचे इम्तियाज जलील यांची. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम बायकांसाठी त्यात वेगळ्या जागा नाहीत, हा त्यांचा आक्षेप. हीच मागणी इतर काही पक्षांनीही भाषणांत केली, पण मत बाजूनं दिलं. म्हणजे त्या ४५४ मतांमध्येही सगळे होकार एकसारखे नाहीत. काहींचा मनापासून, काहींचा 'पण' लावून.

नव्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत. मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हाच त्या बदलतील. जोशींचा जो आक्षेप होता, त्याची धार यानं थोडी कमी होते. मात्र हा कायदा लागू होण्यासाठीही जनगणना आणि मग पुनर्रचना, अशी अट त्यातच लिहिलेली आहे. बाजूनं मत देणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारू शकतो की बाबा रे, मत दिलंस, बरं केलंस, पण आता ते लवकर लागू व्हावं म्हणून काय करतोस?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुणी कुठं मत दिलं, ते कुठं कळतं?

संविधान दुरुस्तीचं विधेयक असेल तर मतविभागणी करावीच लागते. मतं मोजली जातात, सदस्यांची नावं नोंदली जातात, आणि ती संसदेच्या कामकाजाच्या अहवालात छापून येतात. संसदेच्या संकेतस्थळावर ती कुणालाही पाहता येतात. पण साध्या कायद्यांचं तसं नसतं. अध्यक्ष विचारतात, बाजूनं असतील त्यांनी 'होय' म्हणावं, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. ज्या बाजूचा आवाज मोठा, ती बाजू जिंकली. याला आवाजी मतदान म्हणतात. कुणी मतविभागणी मागितली नाही तर नावं नोंदलीच जात नाहीत. संसदेत आणि आपल्या विधानसभेतही बहुतेक कायदे असेच होतात. रेशनचा कायदा असो, घरांचा असो किंवा कामगारांचा, आपल्या आमदारानं नेमकं काय केलं याचा कागद बहुतेक वेळा सापडत नाही.

दुसरी अडचण पक्षादेशाची, म्हणजे व्हिपची. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षानं सांगितलेल्या विरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे नोंदलेलं मत पुष्कळदा त्या माणसाचं नसतं, पक्षाचं असतं. शरद जोशी आपल्या पक्षाचे एकटेच खासदार होते, त्यांना वरून सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून ते मत पुरतं त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्याचा जाबही त्यांनाच विचारता येत होता. त्या १८६ जणांपैकी किती जणांच्या मनात जोशींसारखीच शंका होती, ते आपल्याला कधी कळणार नाही.

मग कागदावर नाही ते कसं कळायचं? यावर आपल्याच भागातलं एक जुनं उदाहरण आहे. १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी खासदार झाले. तेव्हा कल्याण-डोंबिवलीही ठाणे मतदारसंघातच होती. आमदार असल्यापासून त्यांची रीत होती की वर्षभरात सभागृहात आपण काय केलं, याचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचा. त्यांचा पक्ष कुणाला पटो न पटो, ही रीत कोणत्याही पक्षाच्या माणसाला पाळता येण्यासारखी आहे. त्याला कायदा लागत नाही, खर्चही फारसा येत नाही.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे की दारात पत्रक घेऊन जो येईल, त्याला तीन गोष्टी विचारायच्या. एक, गेल्या पाच वर्षांत बायकांशी संबंधित कोणता विषय सभागृहात आला आणि तुम्ही त्यावर काय बोललात? दोन, मतदान झालं तेव्हा तुम्ही हजर होतात का, आणि मत कुठं दिलंत? तीन, पक्षानं सांगितलं ते आणि तुम्हाला वाटत होतं ते, यात कधी फरक पडला का? उत्तर 'मी विरोधात होतो' असं आलं तरी दार लोटायचं नाही. का, ते विचारायचं आणि पुरतं ऐकून घ्यायचं. उत्तर 'मी बाजूनं होतो' असं आलं, तर मग पुढं काय केलंत, ते विचारायचं. मिळालेली उत्तरं एका वहीत तारखेसकट लिहून ठेवायची. वही आम्ही आणली आहे. पहिलं पान अजून कोरं आहे.

आमच्या ताईंनी मागच्या महिन्यात शेवटी आईला फोन केला. आई आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं. ताईंनी मोठ्यानं विचारलं, "आई, जोशी साहेबांनी विरोधात मत दिलं होतं, तुला माहीत होतं का?" आई म्हणाल्या, "तवाच कळलं व्हतं. गावात लई भांडणं झाली त्यावरनं. मी म्हटलं, त्यांच्या सांगण्यानं रान नावावर झालं, ते बरंच झालं. पण म्हणून त्यांचं समदंच पटाया पायजे का?" आणि मग त्यांनी विचारलं, यंदा तिकडं कांदा काय भावानं मिळतो.

मैत्रिणींनो, तुमच्या वॉर्डात असं कुणी काही विचारलं असेल, आणि उत्तर मिळालं असेल किंवा नसेल, तर आम्हाला कळवा. वहीत लिहून ठेवू.